एका पापुद्र्याचे अर्थकारण

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील गोळी महाग असते आणि तेच औषध, तेवढ्याच मात्रेत, दुसऱ्या कारखान्याकडून बरेच स्वस्त मिळते, हा अनुभव नोकरदार कुटुंबांना आता नवा राहिलेला नाही. केंद्र सरकारने २००८ साली जनऔषधी दुकानांची योजना सुरू केली, तीही अशाच स्वस्त औषधांसाठी. तथापि स्वस्त गोळी हाती घेताना गिऱ्हाइकाच्या मनात एक शंका हटकून डोकावते : ही तितकीच लागू पडेल काय? या शंकेला अडाणीपणा म्हणून झिडकारता येणार नाही. दोन गोळ्यांत औषधाचे वजन अगदी सारखे असले तरी दोहोंचा गुण सारखाच येईल, असे शास्त्रही गृहीत धरत नाही. गोळीतील औषध प्रथम पोटातील रसांत विरघळले पाहिजे आणि नंतर आतड्याचे अस्तर ओलांडून रक्तात उतरले पाहिजे. यांपैकी पहिली गोष्ट काचेच्या भांड्यात पाहता येते. दुसरी पाहण्यासाठी मात्र आतड्याचे अस्तरच हवे, आणि ते जिवंत हवे.

हे जिवंत अस्तर माणसाच्या शरीराबाहेर, प्रयोगशाळेत, केसाहूनही पातळ अशा सच्छिद्र पापुद्र्यावर वाढविण्याची विद्या गेल्या सुमारे पन्नास वर्षांत सिद्ध झाली आहे. जीवशास्त्राच्या जाणकारांखेरीज तिची वार्ता फारशी कोणाला नाही. परंतु औषधाच्या किमतीशी, प्रयोगासाठी मारल्या जाणाऱ्या प्राण्यांशी आणि चार पैशांसाठी स्वतःच्या शरीरावर औषधाची चाचणी करून घेणाऱ्या माणसाशी तिचा निकटचा संबंध आहे. म्हणूनच तिचा विचार प्रयोगशाळेच्या चार भिंतींबाहेरही व्हावयास हवा.

वेशीवरचा नाका

आतडे, मूत्रपिंडातील नलिका, श्वासमार्ग, त्वचा अशा ठिकाणी, म्हणजे शरीराचा बाह्य जगाशी जेथे संबंध येतो तेथे, पेशींचे एक सलग अस्तर असते. त्याला अभिस्तर म्हणतात. आतड्यात हे अस्तर एकाच पेशीच्या जाडीचे असते. शेजारशेजारच्या पेशी वरच्या कडेला एकमेकींना इतक्या घट्ट जखडलेल्या असतात की त्यांच्यामधून सहजासहजी काही झिरपू शकत नाही. शिवाय प्रत्येक पेशीला दोन तोंडे असतात. एक अन्नाकडे, दुसरे रक्ताकडे. या दोन तोंडांवरील प्रथिने निरनिराळी असतात. वरची काही द्रव्ये आत घेतात, खालची ती रक्ताकडे लोटतात. आणि काही प्रथिने तर नको असलेली द्रव्ये आत शिरताच पुन्हा बाहेर फेकून देतात. पूर्वी गावाच्या वेशीवर जकातीचा नाका असे आणि कोणता माल आत सोडावयाचा, कोणता परत पाठवावयाचा हे तेथे ठरत असे. अभिस्तराचे काम जवळजवळ तसेच आहे.

या नाक्याचे नियम कळल्याने काय साधते, याचे उदाहरण भारतातच घडले आहे. कॉलऱ्याचे जंतू जे विष सोडतात त्यामुळे आतड्यात पाणी लोटते, हे कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशांवरील प्रयोगांवरून दाखविले. आतड्याच्या पेशी साखरेचा रेणू आत घेताना त्याच्याबरोबर सोडियमही आत ओढतात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. पुढे असे आढळून आले की कॉलऱ्यातही हा दरवाजा उघडाच राहतो. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व सोडा घातलेले पाणी रुग्णांना तोंडाने पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. काही पैशांच्या द्रावणाने हे घडविले, कारण त्यामागे पेशीच्या दोन तोंडांविषयीचे ज्ञान होते. मूलभूत संशोधन ही श्रीमंत देशांची चैन आहे, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास विसरू नये.

बशीतील पेशींची कोंडी

प्राण्याच्या शरीराबाहेर पेशी जगविण्याची सुरुवात अमेरिकेतील रॉस हॅरिसन यांनी १९०७ साली केली. बेडकाच्या भ्रूणातील मज्जाऊतीचा कण त्यांनी लसिकेच्या थेंबात ठेवला आणि त्यातून मज्जातंतू वाढताना पाहिला. पुढील काळात काचेच्या आणि नंतर प्लॅस्टिकच्या बशीत पेशी वाढविण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. पोलिओची लस असो की कर्करोगाचे संशोधन, या साध्या बशीचे उपकार मोठे आहेत.

परंतु अभिस्तराच्या पेशींची या बशीत कोंडी होते. शरीरात त्यांचे पोषण खालून, म्हणजे रक्ताच्या बाजूने होते. बशीत त्यांच्या पायाखाली अभेद्य प्लॅस्टिक, आणि पोषक द्रव मात्र वरून. खाली काही द्यावयाचे तर वाट नाही, खालून काही घ्यावयाचे तर सोय नाही. या कोंडीचा एक बोलका पुरावा शास्त्रज्ञांना मिळाला. मॅडिन आणि डार्बी यांनी १९५८ साली कुत्र्याच्या मूत्रपिंडातून वेगळ्या केलेल्या पेशींचा वंश आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढविला जातो. या पेशी प्लॅस्टिकवर दाटीने वाढल्या की त्यांच्या थरात जागोजागी फुगवटे दिसू लागतात. मूत्रपिंडातील आपल्या कामाला जागून त्या वरचे पाणी खाली लोटत राहतात, ते पाणी प्लॅस्टिकमुळे अडते, आणि अखेर थरच उचलला जातो. पेशी आपले कर्तव्य विसरलेल्या नव्हत्या. त्यांना जमीन चुकीची मिळाली होती.

यावर उपाय म्हणजे सच्छिद्र जमीन. एका पडद्याच्या दोन बाजूंना दोन स्वतंत्र द्रव ठेवून त्यांतील देवघेव मोजण्याची रीत डेन्मार्कचे हान्स उसिंग यांनी १९५०च्या सुमारास बेडकाच्या कातडीवर बसविली होती. त्याच दशकात अमेरिकेत क्लिफर्ड ग्रोबस्टाइन यांनी उंदराच्या भ्रूणातील मूत्रपिंडाची कोवळी ऊती पातळ गाळणपटलाच्या एका बाजूला आणि मज्जारज्जूचा तुकडा दुसऱ्या बाजूला ठेवला. मध्ये पटल असूनही मूत्रपिंडाच्या ऊतीत नलिका तयार झाल्या. एका ऊतीने दुसरीला दिलेला निरोप छिद्रांतून पलीकडे पोहोचला होता. हा निरोप केवळ विरघळलेल्या द्रव्याचा असावा, असा समज काही काळ होता. १९७०च्या दशकात हेलसिंकीच्या लाउरी साक्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ आणि एकसारख्या छिद्रांची पटले वापरून पाहिले, तेव्हा पेशींचे बारीक तंतूच छिद्रांत शिरून पलीकडे पोहोचत असल्याचे दिसले. साधन सुधारले की निष्कर्षही सुधारतो, तो असा.

कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या त्याच पेशी १९७६ साली अमेरिकेत गाळणपटलावर वाढविण्यात आल्या. १९७८ साली मार्सेलिनो सेरेइहिदो व त्यांच्या सहकाऱ्यांनी नायलॉनच्या कापडावर कोलॅजनचा लेप देऊन त्यावर त्यांचा थर वाढविला. दोन्ही प्रयोगांत विजेचा रोध मोजून पेशींतील सांधे खरोखर घट्ट आहेत हे सिद्ध झाले. बशीत कोंडलेल्या पेशींना प्रथमच दोन दालने मिळाली, एक वरचे आणि एक खालचे.

आज यासाठी वापरले जाणारे उपकरण दिसावयास अगदी साधे आहे. प्लॅस्टिकची एक लहानशी वाटी, तिच्या बुडाशी सच्छिद्र पटल, आणि ती वाटी जिच्यात लटकते असा मोठा खळगा. वाटीत एक द्रव, खळग्यात दुसरा. पेशी पटलावर बसतात, वाढतात, एकमेकींना चिकटतात आणि काही दिवसांत दोन दालनांमधील जिवंत भिंत तयार होते. वरून काय घातले आणि खाली किती उतरले, हे मग निरनिराळे मोजता येते.

छिद्रांचा जन्म

या वाटीचे मर्म तिच्या बुडात आहे. सुरुवातीची गाळणपटले सेल्युलोजची होती. त्यांची रचना स्पंजासारखी वेडीवाकडी, छिद्रांचे आकार कमीअधिक. यात क्रांती घडविली ती जीवशास्त्रज्ञांनी नव्हे, तर पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकांनी. अमेरिकेत स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत फ्लायशर, प्राइस आणि वॉकर हे तिघे अणूच्या विखंडनातून उडणाऱ्या तुकड्यांचा माग अभ्रकावर कसा उमटतो, याचा अभ्यास करीत होते. १९६०च्या दशकात त्यांच्या ध्यानी आले की असा तुकडा प्लॅस्टिकच्या पातळ फितीतून आरपार गेला की त्याच्या वाटेवरील रेणू तुटतात. आणि ती फीत मग अल्कलीच्या द्रावणात बुडविली की तुटलेला मार्ग इतर भागाहून लवकर झिजून सरळ, गोल छिद्र पडते.

ही रीत उद्योगात उतरली. पॉलिकार्बोनेटची फीत युरेनियमच्या विखंडनातील तुकड्यांच्या मार्गात धरावयाची; छिद्रे किती हवीत त्यावर हा काळ ठरतो. नंतर ती अल्कलीत बुडवावयाची; छिद्रे किती मोठी हवीत त्यावर हा दुसरा काळ ठरतो. अणुभट्टीऐवजी त्वरकातून सोडलेले जड आयनही आज या कामी वापरतात. पेशींसाठी वापरात असलेल्या एका प्रचलित पटलाची जाडी सुमारे १० मायक्रॉन, छिद्राचा व्यास ०.४ मायक्रॉन आणि एका चौरस सेंटिमीटरवर छिद्रे सुमारे १० कोटी असतात. माणसाचा केस साधारणपणे ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या पापुद्र्याची कल्पना येते. सर्व छिद्रांचे क्षेत्रफळ एकत्र केले तर ते पटलाच्या जेमतेम एक अष्टमांश भरते. छिद्रातून पेशी पडू शकत नाही, परंतु मीठ, साखर, प्रथिने आणि औषधाचे रेणू सहज जाऊ शकतात.

कर्करोगातून मिळालेली कसोटी

औषधाच्या कसोटीसाठी पुढचा प्रश्न होता तो माणसाच्या आतड्याच्या पेशी आणावयाच्या कोठून? निरोगी आतड्यातून काढलेल्या पेशी शरीराबाहेर फार काळ तगत नाहीत. उत्तर अनपेक्षित ठिकाणी मिळाले. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत योर्गेन फोग यांनी १९७०च्या दशकात अनेक रुग्णांच्या अर्बुदांतून पेशींचे वंश तयार केले. त्यांतील एक ७२ वर्षांच्या रुग्णाच्या मोठ्या आतड्यातील कर्करोगापासून आलेला होता. शास्त्रज्ञ त्याला ‘काको-टू’ म्हणतात. १९८३ साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखविले की या पेशी दाटीने वाढून स्थिरावल्या की आपोआप लहान आतड्याच्या पेशींसारखे रूप घेतात. १९८९ साली अमेरिकेत इदाल्गो, रॉब आणि बोर्शार्ट यांनी त्या सच्छिद्र पटलावर वाढवून औषधांचे वहन मोजण्याची पद्धत बसविली. लगोलग स्वीडनमध्ये उप्साला येथे पेर आर्टुरसन यांनी दाखविले की या थरातून औषध ज्या वेगाने जाते त्याचा आणि माणसात ते किती शोषले जाते याचा मेळ बसतो. ज्या रोगाने माणसाचे आतडे नासले त्याच रोगाच्या पेशी इतरांच्या औषधांची पारख करू लागल्या.

चाचणीची रीत अशी. पटलावर पेशी पेरल्यावर सुमारे २१ दिवस त्यांचा सांभाळ करावा लागतो. एक दिवसाआड त्यांचा द्रव बदलावा लागतो. थर तयार झाल्यावर त्याचा विजेला होणारा रोध मोजतात, म्हणजे सांधे घट्ट आहेत की कोठे फट आहे हे कळते. पेशींतून न जाणारा एखादा रंगही सोडून पाहतात. मग औषध वरच्या दालनात घालून ठराविक वेळाने खालच्या दालनातील द्रव तपासतात. उलट बाजूनेही, म्हणजे खालून वर, हीच तपासणी करतात. कारण औषध आत घेऊन परत बाहेर फेकणारी प्रथिने कामाला लागलेली असतील तर ती अशाच वेळी पकडली जातात.

औषधनियंत्रणाच्या दृष्टीने या मोजणीला महत्त्व आले ते १९९५ साली गॉर्डन अमिडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या वर्गवारीमुळे. औषध चांगले विरघळते की नाही आणि आतड्याची भिंत सहज ओलांडते की नाही, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून त्यांनी तोंडाने घ्यावयाच्या औषधांचे चार वर्ग पाडले. पहिल्या वर्गातील औषधे दोन्ही परीक्षांत उत्तीर्ण होतात. दुसऱ्या वर्गातील औषधे भिंत ओलांडतात पण नीट विरघळत नाहीत. तिसऱ्यातील विरघळतात पण भिंत ओलांडताना अडखळतात. चौथ्यातील दोन्हींत मागे असतात. आज सर्वसाधारण निकष असा की सर्वांत मोठी मात्रा २५० मिलिलिटर, म्हणजे साधारण पेलाभर द्रवात विरघळली तर विरघळण्याची परीक्षा पार पडली, आणि औषध ८५ टक्के किंवा अधिक शोषले गेले तर भिंतीची.

किंमत कोणाच्या खाती?

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. स्वस्त गोळी मूळ गोळीइतकीच गुणकारी आहे हे दाखविण्याची प्रचलित रीत म्हणजे जैव-समतुल्यतेची चाचणी. निरोगी स्वयंसेवकांना एकदा मूळ गोळी देतात, मध्ये काही दिवस जाऊ देतात आणि मग दुसरी गोळी देतात. दोन्ही वेळा तासागणिक रक्त काढून औषधाचे प्रमाण मोजतात. दोहोंच्या प्रमाणाची संख्याशास्त्रीय मर्यादा ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसली तर गोळ्या समतुल्य ठरतात. रीत भरवशाची आहे, परंतु खर्चिक आहे आणि वेळखाऊही.

या खर्चाचा एक भाग मात्र कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही. स्वतःला काही आजार नसताना दोनचार दिवस दवाखान्यात राहून, दंडाला सुई टोचून घेऊन, अपरिचित गोळी गिळावयास कोण तयार होतो? ज्याला त्या मोबदल्याची गरज आहे तोच. त्याची संमती कागदावर स्वेच्छेची असते. पण रिकाम्या खिशाची स्वेच्छा किती स्वच्छ मानावयाची, हा प्रश्न उरतोच. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, म्हणजे व्यवहार दोघांचा आणि झीज तिसऱ्याची, त्याचा हा नमुना आहे. जी चाचणी अपरिहार्य आहे ती झालीच पाहिजे. परंतु जी टाळता येते ती केवळ सवयीने करीत राहणे हे कोणाच्या तरी शरीराचे फुकट खर्च होणे आहे.

सच्छिद्र पटलावरील पेशींचे मोल येथे आहे. औषधनियमांचा मेळ घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१९ साली स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पहिल्या व तिसऱ्या वर्गातील औषधांच्या बाबतीत, ठराविक अटी पूर्ण झाल्यास, माणसांवरील समतुल्यतेच्या चाचणीतून सूट मिळू शकते. आणि औषध भिंत सहज ओलांडते हे ठरविण्यासाठी काको-टू पेशींवरील मोजणी, ती प्रमाणित पद्धतीने केलेली असेल तर, ग्राह्य धरली जाते. भारतातही ही वर्गवारी कायद्यात शिरली आहे. एप्रिल २०१७ मध्ये औषधविषयक नियमांत दुरुस्ती करून दुसऱ्या व चौथ्या वर्गातील तोंडाने घ्यावयाच्या औषधांना समतुल्यतेची चाचणी सक्तीची करण्यात आली. म्हणजेच औषध कोणत्या वर्गात पडते यावर कारखानदाराचा खर्च आणि स्वयंसेवकाचे रक्त अवलंबून आहे.

माणसाबरोबर प्राण्यांचाही हिशेब मांडावयास हवा. १९४४ साली जॉन ड्रेझ यांनी बसविलेल्या रीतीने सौंदर्यप्रसाधने व रसायने सशांच्या डोळ्यांत आणि कातडीवर घालून पाहिली जात. आज मानवी त्वचेच्या पेशी सच्छिद्र पटलावर वाढवून, वरच्या बाजूला हवा आणि खालून पोषण देऊन, कोरड्या थरासह त्वचेचे अस्तर तयार करता येते. त्यावर दाह पारखण्याची पद्धत २०१० साली आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाली. भारताने २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवरील चाचण्या आणि अशा चाचण्या केलेल्या मालाची आयात या दोहोंवर बंदी घातली. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची कायदेशीर सक्ती काढून टाकली आणि भारताने मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत पेशींवरील व तत्सम पर्यायी पद्धतींना जागा दिली. २०१० साली हार्वर्डमधील संशोधकांनी फुप्फुसाच्या पेशी एका लवचिक सच्छिद्र पटलावर वाढवून, एका बाजूस हवा व दुसऱ्या बाजूस रक्ताच्या जागी द्रव खेळवून, श्वासागणिक ताणले जाणारे फुप्फुसाचे प्रतिरूप घडविले. नव्या नियमांचा रोख अशाच उपकरणांकडे आहे. चीनमध्ये डिसेंबर २०१९ मध्ये प्रथम आढळलेला करोना विषाणू वेगळा करतानाही हवा व द्रव यांच्या सीमेवर वाढविलेल्या मानवी श्वासमार्गाच्या पेशी उपयोगी पडल्या. विषाणू शिरताच त्या पेशींवरील रोमांची हालचाल थांबलेली दिसली.

भाबडेपणा नको

तथापि एवढ्याने हर्षून जाणे घातक ठरेल. पटलावरील थर म्हणजे आतडे नव्हे. काको-टू पेशींवर आतड्यातील चिकट श्लेष्माचा थर नसतो. त्यांचे सांधे माणसाच्या लहान आतड्याहून अधिक घट्ट असतात, त्यामुळे पेशींमधील फटींतून जाणारी लहान, पाण्यात विरघळणारी औषधे प्रत्यक्षापेक्षा कमी शोषली जातात असे भासते. औषधाचे विघटन करणारी काही विकरे त्यांच्यात फारच कमी असतात. दोन प्रयोगशाळांतील त्याच वंशाच्या पेशीही सांभाळ बदलला की निराळ्या वागतात. म्हणूनच ज्यांचे माणसातील शोषण आधीच ठाऊक आहे अशा औषधांचा संच प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या पेशींवर तपासून आपली मोजपट्टी खरी आहे हे आधी सिद्ध करावे, असा दंडक आहे. यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांचा परस्परसंबंध तर या वाटीत येतच नाही. अवघ्या शरीराचे उत्तर एका थराकडून मागणे चुकीचे आहे.

दुसरा धोका माणसाच्या स्वभावातून येतो. चाचणी स्वस्त झाली की खोटेही स्वस्त होते. २०१३ साली एका मोठ्या भारतीय औषध कंपनीच्या अमेरिकेतील शाखेने सदोष औषधे व खोटी माहिती दिल्याचा गुन्हा अमेरिकी न्यायालयात कबूल केला आणि ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. असे एक प्रकरण घडले की त्याची किंमत सर्व प्रामाणिक कारखानदारांना आणि स्वस्त गोळीवर विसंबलेल्या सर्व रुग्णांना मोजावी लागते. स्वयंसेवकाच्या रक्ताऐवजी पेशींची साक्ष काढावयाची असेल तर ती साक्ष तपासणारा निरीक्षक प्रयोगशाळेत जाऊन पेशींचा रोध, नोंदवह्या आणि मूळ आकडे पाहू शकेल, एवढी त्याची तयारी हवी. तशी ती नसेल तर सूट ही पळवाट ठरेल.

घरची तयारी

या विद्येचा पाया भारतात मुळीच नाही असे नव्हे. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र १९८६ साली प्राण्यांच्या ऊती व पेशींच्या संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून सुरू झाले, १९८८ साली ते स्वायत्त झाले आणि देशभरच्या प्रयोगशाळांना पेशींचे वंश पुरविण्याचे काम ते करीत आले आहे. सार्वजनिक पैशातून उभारलेली अशी पेढी हे नफ्याच्या गणितात न बसणारे, परंतु सर्वांच्या उपयोगी पडणारे भांडवल आहे. खासगी उद्योग ते उभारणार नाही, कारण त्याचा लाभ त्याला एकट्याला राखता येत नाही.

यापुढचा टप्पा मोजमापाचा आहे. पेशींचा एकच प्रमाणित वंश, औषधांचा एकच संदर्भसंच आणि निकालांची परस्पर पडताळणी या तीन गोष्टी विद्यापीठे व राष्ट्रीय संस्था मिळून उपलब्ध करून देऊ शकतात. लहान कारखानदाराला तीन आठवडे पेशी सांभाळणारी प्रयोगशाळा स्वतः उभारणे परवडणार नाही. सामाईक सुविधा असेल तर तोही दारात येईल. अन्यथा सूट मिळविण्याची ऐपत मोठ्या कंपन्यांपुरतीच राहील आणि स्वस्त औषधांच्या बाजारात स्पर्धा वाढण्याऐवजी आटेल. सच्छिद्र वाट्या एकदा वापरून टाकून द्यावयाच्या असतात. त्यामुळे यंत्र एकदा आणले की काम भागले, असे येथे होत नाही; प्रत्येक प्रयोगाबरोबर खर्च पुन्हा होतो. जी वस्तू रोज लागते ती देशात बनविता येते काय, हा प्रश्न म्हणूनच गौण नाही. फितीला छिद्रे पाडण्यासाठी लागणारे अणुविज्ञान आणि बहुवारिकांचे रसायनशास्त्र या दोहोंची परंपरा या देशात आहे. त्यांची जीवशास्त्राशी गाठ घालून देणे हे काम धोरणाचे आहे.

आणि या साऱ्याच्या मुळाशी माणसे हवीत. एक दिवसाआड पेशींचा द्रव बदलणारे, रोधाचा आकडा प्रामाणिकपणे टिपणारे आणि थर फाटला असेल तर तीन आठवड्यांचे श्रम टाकून देऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणारे हात घडतात ते महाविद्यालयांतील प्रात्यक्षिकांत. जेथे प्रात्यक्षिक नुसत्या वहीत पुरे होते तेथे हे हात घडत नाहीत.

औषधावरचा खर्च सामान्य कुटुंबाच्या पगारातून थेट जातो, आणि आजारपण लांबले की तो कर्जावर जातो. गोळी स्वस्त असावी, ती खरी असावी आणि तिचा खरेपणा एखाद्या गरजूच्या दंडातून विनाकारण वसूल केलेला नसावा, या तिन्ही अपेक्षा एकदम बाळगणे आजवर कठीण होते. काही औषधांपुरते तरी ते आता शक्य झाले आहे. त्यासाठी लागणारा पैसा सरकारच्या एकूण खर्चात नगण्य आहे. लागणारी शिस्त मात्र मोठी आहे. ही मागणी शास्त्रज्ञांकडून होईल म्हणून वाट पाहत न बसता औषधाचे बिल भरणाऱ्या नागरिकांनीच ती लावून धरली पाहिजे.